थोरलीची पाच वर्षं

धाकटी जाऊ याच शहरात, याच हॉस्पिटलात सर्जन म्हणून येणार हे कळलं, तेव्हा थोरलीला आनंद झाला. तो तिने इतक्या घाईघाईने बोलून दाखवला की नवऱ्याने वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं.

"खरंच आनंद झालाय का तुला?"

"म्हणजे काय! घरचं माणूस येतंय. भावोजी येतायत. मला काय दुःख होणार?"

"नाही, आवाज जरा वरच्या पट्टीत लागला, म्हणून विचारलं."

नवरा माणूस बरा होता, पण त्याला ऐकू फार चांगलं यायचं.

थोरली या घराची मोठी सून. पन्नाशी हाकेच्या अंतरावर आलेली, उंच, हाडापेराने मजबूत, आणि तासन्‌तास उभं राहून कमरेत थोडी डावीकडे कललेली. ती पोटाची सर्जन होती, आणि हे सर्जनपण तिने दोनदा कमावलं होतं. एकदा तिकडे, म्हणजे ज्या देशात ती जन्मली, शिकली, लग्न होऊन या घरात आली तिथे. आणि दुसऱ्यांदा इकडे, नवऱ्याच्या नोकरीपायी आल्यावर. तिकडे नऊ वर्षं तिने स्वतःच्या जबाबदारीवर ऑपरेशनं केली होती. इकडच्या वैद्यकीय मंडळाने तिची पदवी उलटसुलट करून पाहिली, छान आहे म्हटलं आणि परत दिली. इथे हातात सुरी धरायची तर रेसिडेन्सी, म्हणजे शिकाऊ डॉक्टरची पाच वर्षं, पहिल्यापासून करायची. तिकडची वर्षं धरायची सोयच नव्हती.

मग सदतिसाव्या वर्षी ती पहिल्या वर्षाच्या पोरांच्या रांगेत उभी राहिली. तिच्यावरचा सीनियर जेमतेम अठ्ठावीसचा. त्याने पहिल्याच दिवशी तिला कात्री कशी धरायची ते दाखवलं. त्याने जन्मात जितक्या वेळा केस कापून घेतले असतील त्याहून जास्त अपेंडिक्स तिने काढली होती. पण ती "हो सर" म्हणाली आणि त्याने दाखवली तशी कात्री धरली. बरोबरची पोरं तिला 'आजीबाई' म्हणत. ती हसायची. हसली नसती तर नाव आणखी घट्ट चिकटलं असतं.

अशी पाच वर्षं. लेक तेव्हा सहा वर्षांची होती. जेवताना ती आईच्या रिकाम्या ताटात फोन ठेवायची, स्पीकर लावून, आणि पलीकडून आई कुठल्यातरी वॉर्डच्या कोपऱ्यातून "नीट चावून खा" म्हणायची. नवऱ्याने घरासाठी दोनदा बढती नाकारली. त्याबद्दल तो कधी बोलला नाही, आणि तो बोलत नाही हे थोरलीला रोज टोचायचं.

शेवटी ती पास झाली. तज्ज्ञ सर्जनचं प्रमाणपत्र मिळालं, त्याच हॉस्पिटलात नोकरी लागली, कमरेला पट्टा लागला. सगळं झालं, आणि मग नियम बदलला.

नवा नियम असा, की बाहेर शिकून आलेल्या अनुभवी सर्जनला एखाद्या शिकवणाऱ्या हॉस्पिटलने थेट कामावर घ्यावं. दोन वर्षं त्याचं काम पाहावं. मग बाहेरचे दोन परीक्षक येऊन त्याला ऑपरेशन करताना बघतील, आणि त्यांनी होकार दिला की तो शेवटच्या परीक्षेला बसेल. रेसिडेन्सी पुन्हा नाही, रांग नाही, आजीबाई नाही. देशात सर्जन कमी पडायला लागले होते, म्हणून ही सोय. धाकटी या सोयीतून आली.

सासूबाई तिकडून व्हिडिओवर म्हणाल्या, "धाकटीचं बघ कसं झटक्यात जमलं. तुलाच मेली एवढी वर्षं का गं लागली?"

"तेव्हा नियम वेगळा होता, आई."

"असेल बाई. ज्याचं त्याचं नशीब," सासूबाई म्हणाल्या, आणि 'नशीब' हा शब्द त्यांनी असा उच्चारला की त्याचा अर्थ 'अक्कल' असा व्हावा.

धाकटी बुटकी, गोल चेहऱ्याची, पंचेचाळिशीची. ऑपरेशनच्या टेबलाशी उभं राहायला तिला पायाखाली ठोकळा लागे. बोलायला लागली की धबधबा. महिन्याभरात तिला वॉचमनचं गुडघ्याचं दुखणं आणि लिफ्टवाल्याच्या बायकोचं माहेरी निघून जाणं, दोन्ही तपशीलवार माहीत झालं होतं. विभागप्रमुख तिला "आमच्या मॅडम" म्हणत. थोरलीला तिथे अकरा वर्षं झाली होती, आणि विभागप्रमुख तिला अजून रविवारची ड्यूटी बदलायची असली की तेवढा फोन करत.

मोठ्या गोष्टींची थोरलीने मनाशी समजूत घातली होती. नियम नियम असतो, त्यात धाकटीचा काय दोष? छोट्या गोष्टी मात्र घशाखाली उतरत नव्हत्या. धाकटीला पहिल्याच दिवशी किल्लीसकट कपाट मिळालं; थोरलीने पाच वर्षं स्वतःचे बूट पिशवीत घालून खुंटीला टांगले होते. धाकटी कॅन्टीनमध्ये आली की पोरं उठून खुर्ची द्यायची. धाकटी संध्याकाळी घरी जाऊन भावोजींबरोबर बॅडमिंटन खेळायची. बॅडमिंटन! थोरलीला ते ऐकून इतका संताप आला की तिने त्या दिवशी घरातले सगळे पडदे धुवायला काढले.

दोघींची युनिटं वेगळी होती, त्यामुळे एकमेकींचं काम बघायचा प्रसंग आला नव्हता. पण थिएटरची जुनी सिस्टर एकदा हात धुता धुता म्हणाली, "तुमच्या जाऊबाई भारीच आहेत हं. बाहेर एवढ्या बोलतात, आणि हातात हत्यार आलं की तोंडात मिठाची गुळणी. सुरुवातीला मला कळायचंच नाही काय हवंय ते. आता सवय झाली. नुसता हात पुढे आला की देते."

थोरली "हो का?" म्हणाली आणि नखं घासत राहिली. पण मनात काहीतरी लख्ख झालं.

कारण तिकडे तसंच शिकवतात. ज्याला थिएटरमध्ये बोलावं लागतं त्याला काम येत नाही, असं तिकडचे मास्तर म्हणत. सर्जनने गप्प राहून काम करायचं. अगदी नाजूक जागा आली, कापलं की परत जोडता येणार नाही अशी, की क्षणभर थांबून समोर उभ्या असलेल्या मदतनीस सर्जनकडे बघायचं. त्याने आत नजर टाकून मान हलवली की कापायचं. इकडे नेमकं उलटं. इकडे महत्त्वाची प्रत्येक गोष्ट मोठ्याने बोलायची: काय दिसतंय, काय कापणार, का कापणार. खोलीतल्या अगदी नव्या माणसालासुद्धा चूक दिसली तर 'थांबा' म्हणता आलं पाहिजे. हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नसतं. इकडच्या पोरांना ते पहिल्या दिवसापासून ओरडा खाऊन येतं, जसं रस्ता ओलांडायला येतं. ज्यांना येत नाही, त्यांना परीक्षक पाडतात.

थोरली त्यातच पडली होती, पहिल्या वर्षी. "तुमच्या डोक्यात काय चाललंय ते आम्हाला कसं कळणार, बाई?" असं तिला परीक्षकाने सगळ्यांदेखत विचारलं होतं. मग तिने घरी सराव केला. स्वयंपाक करताना ओट्याशी उभी राहून मोठ्याने बोलायची: "आता मी कांद्याचं देठ काढतेय. आता मी उभे दोन भाग करतेय. सुरी माझ्यापासून लांब आहे. सगळ्यांना दिसतंय?" सहा वर्षांची लेक स्टुलावर बसून "दिसतंय" म्हणायची. ती सवय जी लागली ती लागलीच. आजही भाजी चिरताना थोरलीचं तोंड चालू असे, आणि घरातल्यांना त्याचं काही वाटत नसे.

धाकटीला हे कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या वर्षाच्या पोराला ओरडायला सगळी दुनिया मोकळी असते. आल्या आल्या शिकवायच्या खुर्चीत बसलेल्या बाईला कोण ओरडणार? तिची ऑपरेशनं चांगली होत होती, पेशंट बरे होऊन घरी जात होते. विभागप्रमुखांना तिचं गप्प राहणं म्हणजे एकाग्रता वाटे.

दोन वर्षं संपत आली आणि परीक्षक यायचं ठरलं. धाकटी पित्ताशयाचं ऑपरेशन करणार होती, दुर्बिणीने. पोटाला छोटी भोकं पाडून आत कॅमेरा घालायचा आणि पडद्यावर बघत काम करायचं. कॅमेरा धरायला तिने थोरलीला मागून घेतलं.

"ताई, कॅमेरा तुमच्या हातात असेल तर मला धीर येईल. नात्यातलं माणूस परीक्षक नको, पण मदतीला चालतं. मी विचारून घेतलंय."

"येईन की."

"आणि तुम्ही यातून गेलाय. काही सांगायचं असेल तर आत्ताच सांगा हं. नापास झाले तर सगळंच लटकलं. ह्यांनी तिकडची नोकरी सोडलीय, आता परत जायला तोंड नाही."

दोघी हॉस्पिटलच्या जिन्यात उभ्या होत्या. वरून कुणीतरी धडधडत उतरत होतं, त्याला वाट द्यायला थोरली भिंतीला टेकली. ओठांशी आलं होतं. एका वाक्याचं काम होतं. 'मोठ्याने बोलत राहा.' संपलं असतं. तिने धाकटीच्या टवटवीत चेहऱ्याकडे बघितलं. पुरेशी झोप झालेल्या माणसाचा चेहरा होता तो.

"नीट झोप," ती म्हणाली. "बाकी तुला सगळं येतंच."

त्या रविवारी भावोजी आणि धाकटी जेवायला आले. धाकटी ओट्यापाशी येऊन उभी राहिली आणि थोरलीच्या लक्षात आलं, की आपल्या हातात सुरी आहे आणि समोर कांद्यांचा ढीग आहे. तिने ओठ घट्ट मिटले. एक कांदा चिरला, दुसरा चिरला. स्वयंपाकघरात नुसता सुरीचा आवाज.

लेक आत आली. आता ती चांगली सतरा वर्षांची, कानात डूल आणि जिभेला धार. "आई, बरं नाहीये का तुला?"

"का गं?"

"गप्प आहेस. कांदा चिरतेयस आणि गप्प आहेस."

"डोळ्यांत पाणी येतंय. बोलू कशी?"

"डोळ्यांचा आणि तोंडाचा काय संबंध?"

"तू जा बरं, ताटं घे. येता-जाता आईला फाडून खायचं एवढंच शिकलीस."

धाकटी हसली. "माझाही मुलगा अस्साच आहे, ताई," म्हणाली. तिला काही वेगळं वाटलं नाही. कांदे चिरताना बायका गप्पच असतात, असं तिला वाटत असणार.

परीक्षेच्या दिवशी दोन परीक्षक भिंतीशी उभे होते. एक बाई, चष्म्याची साखळी गळ्यात. एक बुवा, हाताची घडी. धाकटी ठोकळ्यावर चढली. सुरुवातीची सगळ्यांची ओळख आणि पेशंटची खातरजमा तिने अस्खलित बोलून केली, ते सगळीकडे सारखंच असतं. मग तिच्या हातात हत्यारं आली आणि ती गप्प झाली.

थोरलीने कॅमेरा आत घातला. पडद्यावर लाल-पिवळा उजेड पसरला, आणि त्यात धाकटीचे हात काम करायला लागले.

थोरलीने ऐकलं होतं, पण बघितलं आज. ते हात घाई करत नव्हते आणि थांबतही नव्हते. चरबीचा पातळ पडदा त्या हातांनी असा सोडवला, जसा निजलेल्या मुलाच्या अंगाखालून पदर काढून घ्यावा. एकही हालचाल वाया नाही, एक थेंब रक्त जास्तीचं नाही. थोरलीला कळलं की आपले हात असेच होते. सदतिसाव्या वर्षी, इकडे येण्याआधी, असेच होते. पुढची पाच वर्षं ते दुसऱ्यांच्या ऑपरेशनात पोटाच्या कडा ओढून धरत राहिले, आणि त्याच पाच वर्षांत हे समोरचे हात रोज काम करत पुढे गेले. आता ते कुठल्या कुठे होते. प्रमाणपत्र तिच्याकडे होतं, हात धाकटीकडे.

तिला वाटलं आता कॅमेरा हलेल. नुसता बोटभर हलला असता तरी पडद्यावर सगळं धूसर झालं असतं, आणि धाकटी चाचपडल्यासारखी दिसली असती. कॅमेरा हलला नाही. थोरलीचा हात दगडासारखा स्थिर राहिला. टेबलावर जिवंत माणूस होतं. त्याचा तिच्या जळण्याशी काही संबंध नव्हता, आणि हाताला लावलेली शिस्त मनाला विचारत नव्हती.

बाई परीक्षकांनी चष्मा लावला. बुवांनी त्यांच्याकडे बघून भुवया उंचावल्या. खोलीत नुसता यंत्राचा टिक टिक आवाज.

मग ती जागा आली. पित्ताशयाकडे जाणारी नळी आणि रक्तवाहिनी, दोन्ही मोकळ्या झालेल्या. क्लिप लावायची आणि कापायचं. इथे चूक झाली तर माणूस जन्मभर भोगतो. इकडचा सर्जन इथे थांबतो आणि खणखणीत आवाजात सांगतो: दोनच गोष्टी दिसतायत, ही नळी, ही वाहिनी, मागे यकृत स्वच्छ दिसतंय, सगळ्यांना मान्य?

धाकटी थांबली. तिने पडद्यावरून नजर काढली, आणि मास्कच्या वरून थोरलीकडे बघितलं.

थोरलीने ती नजर वर्षानुवर्षांत बघितली नव्हती, पण ओळखली. तिकडची नजर. मास्तरांची, त्यांच्या मास्तरांची. तू बघितलंस? तुला पटलं? 'मोठ्याने सांगा, डॉक्टर' एवढं थोरली म्हणू शकत होती. मदतनीसाला तेवढी मुभा होती. त्याने धाकटीला धागा सापडला असता आणि पुढचं तिने भडाभडा बोलून टाकलं असतं. थोरलीने पडद्याकडे नीट बघितलं. नळी नळीच होती, वाहिनी वाहिनीच होती. सगळं बरोबर होतं.

तिने मान हलवली.

धाकटीने क्लिपा लावल्या आणि कापलं. भिंतीशी बाई परीक्षक काहीतरी लिहू लागल्या.

निकाल विभागप्रमुखांनी संध्याकाळी आपल्या खोलीत सांगितला. थोरलीलाही बोलावून घेतलं होतं.

"हात अप्रतिम, असं दोघेही म्हणाले. असे हात वर्षानुवर्षांत बघितले नाहीत म्हणाले. पण..." त्यांनी पेन दोनदा उघडलं-मिटलं. "नाजूक जागी खोलीतल्या कुणालाच काही सांगितलं नाही. एकटीच्या निर्णयाने कापलं. ते म्हणतात हे चालणार नाही. आणखी एक वर्ष इथलं प्रमाणपत्र असलेला सर्जन बरोबर उभा राहील, मग पुन्हा परीक्षा."

"एकटीच्या नाही," धाकटी म्हणाली. "मी विचारलं होतं."

"कुणाला?"

धाकटीने थोरलीकडे बघितलं. मग म्हणाली, "जाऊ दे. मोठ्याने नाही विचारलं."

विभागप्रमुख थोरलीकडे वळले. "तुम्हीच उभ्या राहाल का वर्षभर? शेवटचा निकाल बाहेरचेच लावतात, तेव्हा नात्याची अडचण नाही. घरचंच माणूस बरं पडेल."

थोरली "हो" म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

गाडीपर्यंत जाताना तिला हलकं वाटत होतं. लागलं की नाही हिलाही एक वर्ष! गाडी सुरू केली तोवर हलकं वाटणं संपलं होतं. डोळ्यांपुढे ते हात होते, आणि 'असे हात बघितले नाहीत' हे वाक्य कानात. नापास झाली तेही कौतुक करून घेऊन. आपण पडलो तेव्हा हातांबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

सासूबाई व्हिडिओवर हळहळल्या. "पोरीला कुणाचीतरी दृष्टच लागली बघ."

"आई, परीक्षा होती ती. दृष्ट कसली?"

"तुला नाही कळायचं," सासूबाई म्हणाल्या.

पुढच्या शनिवारी दुपारी धाकटी एकटीच आली. चेहरा उतरलेला, पण तोंड चालू. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ती लेकीला सगळं सांगत होती. थोरली पाठमोरी भांडी विसळत होती.

"आता मला सांग, काम करताना कुणी भाषण देतं का? मला वाटलं, नीट काम केलं की दिसेलच ना त्यांना."

"पण काकू," लेक म्हणाली, "ते तर आईला माहीत होतं की. ती पण त्याच्यातच नापास झाली होती. म्हणून तर ती कांद्याशी बोलते."

"कांद्याशी?"

"'आता मी देठ काढतेय, सगळ्यांना दिसतंय?' अख्खं बालपण ऐकलंय मी. आईने सांगितलं नाही तुला?"

नळाचं पाणी वाहत राहिलं. लेकीने आधी आईच्या पाठीकडे बघितलं, मग काकूच्या चेहऱ्याकडे. "मी काही चुकीचं बोलले का?"

"नाही गं राजा," धाकटी म्हणाली. "तू जा, अभ्यास कर."

लेक गेली. थोरलीने नळ बंद केला, पण वळली नाही.

"ताई, तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"जिन्यात मी स्वतःहून विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, नीट झोप."

"हो."

"आणि मी तुमच्याकडे बघितलं तेव्हा तुम्ही मान हलवलीत."

थोरली वळली. "नळी बरोबर होती. चुकीची असती तर मी तुझा हात धरला असता."

"ते ठाऊक आहे मला. पेशंटचं नाही म्हणत मी. माझं म्हणतेय."

थोरलीने हात पुसले. पुसून झाले तरी पुसत राहिली. "मला पाच वर्षं लागली," ती म्हणाली. स्वतःच्याच कानाला ते लहान मुलाच्या तक्रारीसारखं लागलं. "तुला काहीच लागू नये? मला वाटलं, हिलाही थोडं लागू दे."

"लागलं की. एक वर्ष लागलं." धाकटी हसली, पण ते हसू काही बरं नव्हतं. "तुमची पाच गेली, माझं एक. म्हणजे अजून मीच पुढे, जाऊबाई."

आठवडाभर थोरलीच्या मनात हाच हिशेब चालला होता. दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकताना तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"मी सोमवारी प्रमुखांना सांगते," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाला तरी तुझ्याबरोबर द्या म्हणून."

"मुळीच नाही. मला तुम्हीच हव्यात."

"आता कशाला?"

"दुसऱ्या कुणी लपवलं तर मला जन्मात कळायचं नाही. तुम्ही लपवलंत तर तुमची लेक सांगते." धाकटीने समोरची खुर्ची पायाने पुढे सरकवली. "बसा. अजून काय काय सांगायचं राहिलंय, ते सगळं सांगा. राग मी नंतर धरेन, त्याला वर्ष पडलंय."

थोरलीने चहा केला. दोन कप टेबलावर ठेवले आणि बसली. काय करावं, कुठून सुरुवात करावी, तिला कळेना. हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. मग सांगायला लागली. एखादी गोष्ट येत नसेल तर 'येत नाही' असं इथे सरळ म्हणायचं, तिकडे त्याने पत जाते, इथे वाढते. परीक्षकांसमोर सिस्टरचं ऐकायचं, आणि ऐकताना दिसायचं. थोडी शंका आली की दुसऱ्या सर्जनला बोलावून घ्यायचं, गरज असो वा नसो. एकट्याने निभावून नेलेल्या कामाचं इथे कौतुक होत नाही, भीती वाटते त्यांना. ज्युनियर पोरगं काही म्हणालं तर 'बरं झालं बोललास' म्हणायचं, मग ते मूर्खासारखं का बोललेलं असेना. आणि नजरेने विचारायचं नाही. समोरच्याची मान बघायची नाही, तोंडाने विचारायचं आणि तोंडाचं उत्तर घ्यायचं.

प्रत्येक गोष्टीमागे थोरलीला एकेक प्रसंग दिसत होता, एकेक रडणं, गाडीत बसून, कपडे बदलायच्या खोलीत, एकदा तर चादरींच्या कपाटात तोंड घालून. पण ते सांगायचं नव्हतं. सांगायचं होतं ते तेवढंच, एकेका वाक्याचं. धाकटी मान डोलवत होती, मधूनच एखादं वाक्य परत म्हणून बघत होती. तिला लगेच कळत होतं. किती लगेच कळत होतं! दुसऱ्यांदा काही सांगावंच लागत नव्हतं.

"आणि?"

"आणि..." थोरली म्हणाली. "झालं बहुतेक."

धाकटीने कप उचलला. चहा अजून वाफाळत होता. "एवढंच?"

तिने ते टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, की झालं का सगळं, की राहिलंय.

एवढंच कसं असेल? पाच वर्षं होती ती. लेकीची सहापासून अकरापर्यंतची पाच वर्षं. तिने टेबलावर हात ठेवले आणि आठवायला लागली. काहीतरी अजून असणारच, काहीतरी मोठं, जे असं चहाच्या कपाबरोबर देता येत नाही.

"थांब," ती म्हणाली. "आहे अजून. थांब जरा."

धाकटी कप हातात धरून थांबली.